ओकॉनेल स्ट्रीटवरचे तीन पुतळे आणि एक सिनेटर

आयर्लंडहून आल्यापासून जो तो विचारतो, मोहरचे कडे बघितले का? बघितले. म्हणजे तिकीट काढलं, वर चढलो, समोर धुकं होतं आणि धुक्यात सेल्फी काढणारी दोनशे माणसं होती. गॉलवेला मासे चांगले मिळाले. बेलफास्टला जाऊन आलो. प्रवासवर्णन संपलं. मला लिहायचंय ते एका भाषणाबद्दल. ते मी डब्लिनच्या भर रस्त्यात, रिमझिम पावसात, मोबाईलवर मोठ्याने वाचलं. माझा भाचा तेव्हा चार पावलं लांब उभा राहून "ही बाई माझ्याबरोबर नाही" असा चेहरा करत होता.

भाषण डब्ल्यू. बी. येट्स यांचं. नोबेलवाले कवी. ते 1922 ते 1928 अशी जवळपास सहा वर्षं आयर्लंडच्या वरिष्ठ सभागृहात, म्हणजे शॅनडमध्ये सिनेटर होते आणि बऱ्यापैकी बोलायचे, हे मला निघायच्या थोडंच आधी कळलं होतं. आयर्लंडच्या संसदेतल्या जुन्या चर्चा नेटवर फुकट वाचायला मिळतात. जाताना विमानात झोप लागत नव्हती (मागच्या सीटवरचं पोर लाथा मारत होतं, त्याच्या आईबापांना त्याचं कौतुक होतं), म्हणून उतरवून घेतलेली भाषणं वाचत बसले.

संसद किल्डेअर स्ट्रीटवर आहे, लेन्स्टर हाउसमध्ये. अठराव्या शतकात किल्डेअरच्या अर्लने बांधलेला हा वाडा, राज्यकर्ते बदलले तसा देशाकडे आला. पासपोर्ट दाखवायचा, पिशवी यंत्रातून सरकवायची आणि आत जायचं. पैसे पडत नाहीत. आमच्याबरोबर एक मोठं अमेरिकन कुटुंब होतं. त्यांना केनेडी 1963 साली इथे बोलले ते नेमके कुठे उभे होते, एवढंच हवं होतं. मग व्हाइट हाउस बांधणारा जेम्स होबन आयरिश होता, त्याने हीच इमारत डोळ्यांपुढे ठेवली होती, हा विषय निघाला आणि लांबला. माहिती देणारा माणूस गोड होता, पण बिचारा करणार काय.

शॅनडचं दालन लहान आहे. सदस्य साठच. त्यातले 11 पंतप्रधान नेमतात, 6 विद्यापीठांचे पदवीधर निवडतात आणि उरलेले 43 शेती, कामगार, संस्कृती, उद्योग अशा गटांतून येतात. साहित्यिक-शास्त्रज्ञांना राज्यसभेवर नेमायची आपली पद्धत इथूनच उचललेली, असं आपल्या नागरिकशास्त्रात होतं. हे सभागृह हवंच कशाला, असा सवाल 2013 साली जनतेलाच टाकला गेला आणि जेमतेम 51.7 टक्के लोकांनी "असू दे" म्हटलं. विधान परिषदेबद्दल आपल्याकडे चहाच्या टपरीवर जे ऐकू येतं, तेच तिथेही ऐकू येत असणार. मला मात्र अशा सभागृहांबद्दल माया आहे. ना. धों. महानोरांसारखा कवी विधान परिषदेत जाऊन पाण्यावर आणि शेतीवर बोलायचा, ते निवडणुकीच्या गदारोळातून थोडंच झालं असतं?

येट्सना 1922 च्या डिसेंबरात नेमलं, तेव्हा यादवी चालू होती. सिनेटर होणं म्हणजे मानाची शाल पांघरून बसणं नव्हतं, सिनेटरांची घरं जाळली जात होती. गोगार्टी नावाच्या सिनेटरला घरातून उचलून नेलं, तर त्याने थंडीत लिफी नदीत उडी टाकून जीव वाचवला. येट्सचं घर जवळच, मेरियन स्क्वेअरला, 82 नंबर. आम्ही चालत गेलो. त्या रांगेतल्या सगळ्या घरांसारखंच उंच, विटांचं. त्या घरावरही गोळ्या झाडल्या गेल्या होत्या आणि दाराशी सैनिकांचा पहारा असायचा. आज समोरच्या बागेत लोक सँडविच खात बसतात.

तर भाषण. साल 1925, तारीख 11 जून. आयर्लंडमध्ये घटस्फोट देणारं कोर्टच नव्हतं. पूर्वी ज्याच्याकडे पैसा असेल तो लंडनच्या पार्लमेंटकडून स्वतःपुरता खास कायदा करून घ्यायचा. स्वतंत्र झाल्यावर ही वाट डब्लिनच्या संसदेकडे यायला हवी होती, आणि सरकारला ती कायमची बुजवायची होती. येट्स उठले. त्यांचं म्हणणं साधं होतं: बहुसंख्य कॅथलिकांच्या धर्माचा नियम तुम्ही सगळ्यांसाठी कायदा केलात, तर उत्तरेकडचे, ब्रिटनमध्येच राहिलेले प्रॉटेस्टंट तुमच्याकडे कधीच येणार नाहीत, या राष्ट्राच्या मधोमध तुम्ही पाचर ठोकाल.

इथपर्यंत विमानात वाचलं होतं. पुढचा भाग मात्र जागेवर जाऊनच वाचायचा, असं ठरवलं होतं. कारण त्यात येट्स अचानक पुतळ्यांवर घसरतात. हा देश सहिष्णू आहे, असं मी म्हणालो खरा, पण अजून तो घुटमळतोय, हिमनग वितळला की नक्की सहिष्णू होईल, आपल्या मुख्य रस्त्यावरची (म्हणजे ओकॉनेल स्ट्रीटवरची) स्मारकं बघता आशेला जागा आहे, असं म्हणून ते तीन नावं घेतात: ओकॉनेल, पार्नेल आणि नेल्सन. अध्यक्ष लॉर्ड ग्लेनेव्ही कळवळून म्हणतात, मेलेल्यांना सोडलं तर नाही का चालणार? येट्सचं उत्तर: पुढे सरकतोच आहे, पण मेलेल्यांना सोडून द्यायला मला अजिबात आवडणार नाही.

ओकॉनेलचा पुतळा पुलाच्या तोंडाशी आहे. खाली पंख असलेल्या चार ब्राँझच्या बायका बसल्या आहेत आणि त्यांच्या अंगावर 1916 च्या उठावातल्या गोळ्यांची भोकं अजून तशीच आहेत. एकीच्या छातीतल्या भोकात करंगळी सहज गेली असती. मी हात वर केला, तेवढ्यात भाचा म्हणाला, "मावशी, प्लीज." मग तिथेच वाचायला लागले. वर्कहाउसच्या, म्हणजे निराधारांना ठेवायच्या जागेच्या, भिंतीवरून काठी फेकली तर ती ओकॉनेलच्या एखाद्या पोराला लागल्याशिवाय राहायची नाही, अशी त्याच्याच काळातली वावडी येट्सनी भर सभागृहात सांगितली होती. कॅथलिकांना हक्क मिळवून देणाऱ्या नेत्याबद्दल! काय छाती असेल माणसाची.

नेल्सन, इंग्रजांचा आरमारी सेनापती, आता नाही. त्याचा स्तंभ 1966 च्या मार्चमध्ये उडवला गेला. त्या जागी 120 मीटर उंच स्टीलची सुई उभी आहे. तिच्याकडे बघून मान दुखते, बाकी काही होत नाही. लेडी हॅमिल्टन या लग्न झालेल्या बाईशी असलेलं त्याचं प्रकरण सुईच्या बुडाशी उभं राहून भाच्याला समजावलं. पार्नेल रस्त्याच्या वरच्या टोकाला. होमरूलचा हा अनभिषिक्त राजा, पण एका कॅप्टनने बायकोविरुद्धच्या घटस्फोटाच्या दाव्यात त्याचं नाव घेतलं, 1890 मध्ये निकाल लागला आणि पक्ष फुटला. पुढच्या जूनमध्ये त्याने त्या बाईशी लग्न केलं आणि ऑक्टोबरात तो वारला. येट्सना एवढंच दाखवायचं होतं की बाबांनो, ज्यांना तुम्ही खांबावर चढवलंत त्यांचे संसार बघा, आणि मग दुसऱ्यांच्या संसाराला कुलूप घाला.

शेवट मात्र मला खटकला. "आम्ही कुणी क्षुद्र लोक नाही," असं म्हणून ते बर्क, स्विफ्ट, ग्रॅटन, एमेट, पार्नेल अशी यादी लावतात आणि युरोपातल्या थोर कुळांत स्वतःच्या मूठभर प्रॉटेस्टंटांना बसवतात. वाक्यं अशी ठणठणीत की अंगावर काटा येतो. पण समोरच्याला पटवायला उभं राहायचं आणि शेवटी खानदान काढायचं? पाटलाच्या वाड्यावरचं भाषण झालं हे. अन्याय एखाद्या गरीब कॅथलिक बाईवरही होणार होताच की. ती या यादीत कुठेच नाही. भाचा म्हणाला, "पण मुद्दा बरोबर होता ना?" होता. पुढे 1937 च्या राज्यघटनेतच बंदी आली. 1986 चं सार्वमत पडलं. 1995 च्या सार्वमतात बंदी उठवायचं ठरलं तेही 50.28 टक्क्यांनी, म्हणजे साऱ्या देशात 9,114 मतांच्या फरकाने. हिमनग वितळायला सत्तर वर्षं लागली.

माझं माहेर अमरावतीचं, म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी. याच येट्सनी पुढे म्हातारपणी दहा उपनिषदांचा इंग्रजी अनुवाद केला तो श्री पुरोहित स्वामींबरोबर, आणि स्वामी बडनेऱ्याचे. आमच्या लेखी बडनेरा म्हणजे गाडी बदलायचं स्टेशन!

सिनेटर असताना ते शाळांच्या पडक्या इमारतींवर बोलले, लंडनच्या ताब्यातल्या चित्रांच्या वादावर बोलले, पण लोकांच्या हातात खरं पडलं ते नाण्यांचं काम. नव्या देशाची नाणी ठरवणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते. राजा नाही, संत नाही, सरळ घोडा, बैल, ससा, डुकरीण आणि तिची पिल्लं. 1928 च्या डिसेंबरात ही नाणी चलनात आली आणि हे भलतंच अधर्मी काम झालं, अशी ओरडही झाली.

एका बाजारात जुन्या नाण्यांच्या टपरीवर मला पेनी सापडली. एका बाजूला हार्प, दुसऱ्या बाजूला कोंबडी आणि पायाशी तिची पिल्लं. विक्रेता म्हणाला, पाच युरो. मी दोनवर आले. तो हसला आणि पाचवरच राहिला. भाचा कानाशी म्हणाला, "मावशी, दोनशे चाळीस पेनींचा एक पाउंड व्हायचा, आणि तू एकीला पाच युरो देतेस?" दिले. तुळशीबागेत मी याच्या निम्म्यात दोन आणल्या असत्या, हे त्या विक्रेत्याला मराठीत ऐकवून आले.