लिनक्सला चालणारा प्लेअर आणि बाबांच्या एकेचाळीस कॅसेटी

मागच्या दिवाळीनंतर रक्तातली साखर वाढल्याचं निघालं आणि डॉक्टरांनी रोज पाऊण तास भरभर चालायला सांगितलं. परभणीत चालायचं म्हटलं की बहुतेकांची पावलं कृषी विद्यापीठाकडे वळतात. मीही पहाटे सव्वापाचला तिकडे जायला लागले. झाडी आहे, वर्दळ कमी आहे, आणि रब्बीच्या दिवसांत ज्वारीच्या प्रक्षेत्रांकडेने गार वारा येतो. पहिल्या आठवड्यात उत्साह होता. दुसऱ्या आठवड्यात पाऊण तास संपता संपेना.

कानात काहीतरी हवं होतं, आणि काय हवं हे मला पक्कं माहीत होतं. माझे वडील गंगाखेडकडच्या आमच्या गावात मृदंग वाजवायचे. सप्ताहातली भजनं, काकडा, गवळणी, आजीनं जात्यावर म्हटलेल्या ओव्या, असं सगळं त्यांनी टेपवर भरून ठेवलं होतं. अशा 41 कॅसेटी. टाळेबंदीच्या काळात मी त्या एकेक करून ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये उतरवून घेतल्या. मूळ प्रती फ्लॅक या आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या प्रकारात ठेवल्या आणि ऐकायला 128 केबीपीएसच्या एमपी3 केल्या. या दराने मिनिटाला साधारण एक एमबी लागतो. पन्नास तासांचं ध्वनिमुद्रण तीन जीबीत बसलं. जलद लयीतल्या भजनी ठेक्यावर पावलं आपोआप उचलतात, हे लहानपणी दिंडीत चालताना अनुभवलं होतं.

मोबाइलवर ऐकून पाहिलं. पंजाबी ड्रेसला खिसा नाही. हातात धरला तर हात झुलत नाहीत, दंडाला पट्टा बांधला तर घामानं कातडी सोलते. मधेच कॉलेजच्या ग्रुपवरचे निरोप टुणटुणायला लागतात. शिवाय डिसेंबरात परभणीची थंडी अशी असते की हात शालीबाहेर काढवत नाही, आणि मोबाइलचा पडदा शालीतून दाबता येत नाही. म्हणून ठरवलं, ओढणीला किंवा गळ्यापाशी अडकवता येईल असा, खऱ्या बटणांचा छोटा प्लेअर घ्यायचा.

अट एकच होती: तो लिनक्सच्या, म्हणजे विंडोजच्या जागी वापरता येणाऱ्या मुक्त संगणकप्रणालीच्या, लॅपटॉपला लावून चालला पाहिजे. मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. आमच्या ग्रंथालयाचं कामकाज कोहा या मुक्त प्रणालीवर चालतं आणि ती लिनक्सवर असते, त्या निमित्तानं मी लिनक्स शिकले. घरच्या जुन्या लॅपटॉपवर डेबियन ही लिनक्सची आवृत्ती आहे आणि तो गेली सहा वर्षं मला पुरतो आहे. एका प्लेअरसाठी नवा संगणक किंवा विंडोज घ्यायची माझी तयारी नव्हती.

आधी नणंदेनं तिच्या मुलाचा पडून असलेला प्लेअर दिला. नामांकित कंपनीचा, दिसायला सुरेख. लॅपटॉपला लावला, फोल्डर उघडलं, फाइली टाकल्या. प्लेअरवर मात्र एकही गाणं दिसेना. दोन संध्याकाळी गेल्यावर कारण समजलं. या जातीचा प्लेअर आपली यादी स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवतो, आणि त्या यादीत नोंद करायचं काम कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर करतं. ते लिनक्ससाठी नव्हतं. ग्रंथपालाला हे लगेच कळतं: पुस्तक कपाटात आहे, पण तालिकेत नोंद नाही, म्हणजे वाचकाच्या लेखी ते नाहीच. पण माझ्या ग्रंथालयात नोंद मी करते. इथे वस्तू माझी, गाणी माझ्या बाबांची, आणि नोंदीचा अधिकार तिसऱ्याच कुणाचा. हे मला फार लागलं. प्लेअर परत दिला.

मग बाजारात गेले. यावेळी लॅपटॉप सोबत नेला. दुकानदारानं विचारलं, "काय शोधायलाव मॅडम?" मी सांगितलं, प्लेअर हवाय, पण माझ्या लॅपटॉपला लावून बघितल्याशिवाय घेणार नाही. तो म्हणाला, "मोबाइल असताना आता हे कोण घेतंय? चार-पाच पीस पडून आहेत, बघा लावून." काउंटरवरच्या झेरॉक्सच्या गठ्ठ्यावर लॅपटॉप ठेवला आणि बसले. त्या तासाभरात जेवढं शिकले तेवढं महिनाभर वाचून शिकले नव्हते.

प्लेअर संगणकाशी मुख्यतः दोन रीतींनी बोलतो. एक मास स्टोरेज. यात प्लेअर साध्या पेनड्राइव्हसारखा दिसतो. लिनक्सला याचं वावडं नाही, वेगळं काही बसवावं लागत नाही. दुसरी एमटीपी, म्हणजे मीडिया ट्रान्स्फर प्रोटोकॉल. ही मायक्रोसॉफ्टनं आणलेली पद्धत, आणि अँड्रॉइड फोनही तीच वापरतात. लिनक्सवर ती लिबएमटीपी या मुक्त सॉफ्टवेअरच्या मदतीनं चालते, पण यात संगणकाला डिस्क म्हणून काही मिळत नाही, प्रत्येक फाइल प्लेअरकडे मागावी किंवा सोपवावी लागते. दुकानातला पहिला प्लेअर एमटीपीवाला निघाला. दिसला, उघडला, पण पन्नासेक फाइली टाकताना अर्ध्यात अडकला, दोनदा. काही प्लेअरांच्या सेटिंगमध्ये यूएसबी मोड बदलून मास स्टोरेज करता येतो. मी शोधलं, यात ती सोय नव्हती.

ओळखायची सोपी खूण सांगते. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, "एलएसयूएसबी" ही आज्ञा सविस्तर पर्यायासह (lsusb -v) दिली की उपकरणाचा इंटरफेस क्लास दिसतो. तिथे 8 हा आकडा आणि मास स्टोरेज असं लिहिलेलं असलं की निश्चिंत व्हावं. एवढंही नको असेल तर "एलएसबीएलके" (lsblk) देऊन नवी डिस्क दिसते का ते बघावं.

दुसरा प्लेअर लावला तर काहीच झालं नाही. कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, संदेश दाखवणारी "डीमेसेज" (dmesg) ही आज्ञा चालू ठेवली होती, तिच्यातही एक ओळ उमटली नाही. प्लेअर मात्र चार्ज होत होता. मी तो बाजूला ठेवणार, तेवढ्यात दुकानातल्या पोरानं दुसरी केबल आणून दिली आणि डिस्क लगेच दिसली. पहिल्या केबलमध्ये फक्त चार्जिंगच्या तारा होत्या, डेटाच्या नव्हत्याच. कर्नल अगदीच गप्प असेल तर आधी केबल बदलून बघा, प्लेअरला किंवा लिनक्सला दोष देण्याआधी.

तोच घेतला, अठराशे रुपयांना. आठ जीबी, पाठीला चिमटा, पाच बटणं, साध्या वायरच्या इअरफोनचं भोक. रॉकबॉक्सबद्दलही मी वाचलं होतं. काही जुन्या प्लेअरांवर मूळ प्रणालीऐवजी बसवता येणारी ती मुक्त प्रणाली आहे आणि 2001 पासून तिचं काम चालू आहे. सॅनडिस्कचा सान्सा क्लिप प्लस त्यासाठी नावाजलेला. मोह झाला होता. पण तो आता जुन्या बाजारातच मिळणार, आणि इतक्या वर्षांच्या बॅटरीचा भरवसा कोण देणार, म्हणून सोडून दिलं.

घरी आल्यावर खरी कसोटी लागली. काकडा पहिला हवा, तर मधलीच गवळण आधी, मग आरती, मग पुन्हा अभंग. फाइलींना 001, 002 असे आकडे देऊनही तेच. शोध घेतल्यावर उलगडा झाला, आणि तो मला आमच्याच दालनात सापडल्यासारखा वाटला. प्लेअरच्या फॅट32 पद्धतीनं मांडलेल्या डिस्कवर फाइलींच्या नोंदी सहसा ज्या क्रमानं त्या आत आल्या त्या क्रमानं असतात, म्हणजे आमच्या दाखल रजिस्टरसारख्या. संगणक आपल्याला त्या नावाप्रमाणे लावून दाखवतो, वर्गांकाप्रमाणे लावलेल्या कपाटासारख्या. स्वस्त प्लेअर कपाट बघतच नाही, सरळ रजिस्टर वाचत जातो. यावर "फॅटसॉर्ट" नावाचं छोटं साधन डेबियनमध्ये मिळतं. प्लेअर जोडलेला ठेवायचा पण अनमाउंट करायचा, म्हणजे त्यातल्या फाइली लिनक्सला बंद करायला सांगायचं, आणि फॅटसॉर्टला त्याचं विभाजन (पार्टिशन) द्यायचं, उदाहरणार्थ एसडीबी1. विभाजनाचं नाव आधी दोनदा तपासून घ्या, कारण ही आज्ञा थेट डिस्कच्या नोंदींवर काम करते. काही क्षणांत रजिस्टरच नावाप्रमाणे लागतं, काहीही पुन्हा कॉपी न करता. दुसऱ्या पहाटे काकड्यानं सुरुवात झाली तेव्हा मी विद्यापीठाच्या रस्त्यावर क्षणभर थांबलेच.

देवनागरी नावांच्या जागी प्लेअरवर चौकोन दिसत होते. फाइलींची नावं आणि आतले टॅग, म्हणजे गाण्याच्या, वादकाच्या नोंदी, किड3 हे साधन वापरून रोमन अक्षरांत केले, टॅगची आवृत्ती 2.3 ठेवली. आजीच्या ओव्यांचं नाव रोमन अक्षरांत लिहिताना वाईट वाटलं. मूळ फ्लॅक प्रतींवर मात्र सगळी नावं मराठीतच आहेत.

एकदा लोभही केला. प्लेअर फ्लॅक वाजवतो असं दिसलं, म्हणून सगळ्या मूळ प्रती सोबत ठेवायला 64 जीबीचं मेमरी कार्ड स्वस्तात आणलं. आधी तर प्लेअरनं ते ओळखलंच नाही, कारण 32 जीबीच्या वरची कार्डं एक्सफॅट या वेगळ्या मांडणीत येतात आणि या प्लेअरला फक्त फॅट32 कळतं. फॅट32 मध्ये फॉरमॅट केलं तर दिसायला लागलं, पण भरल्यावर निम्म्याहून जास्त भजनं वाजेनात. "एफ3" या साधनानं कार्ड काठोकाठ भरून पुन्हा वाचून पाहिलं. खरी क्षमता आठ जीबीच्याही आत निघाली. बनावट कार्ड संगणकाला खोटा आकडा सांगतं आणि जागा संपली की पुढचा मजकूर हरवून टाकतं. नवं कार्ड घेतलं की त्यावर एकही मोलाची फाइल टाकण्याआधी एफ3 चालवावं, असं माझं आता ठाम मत आहे. माझ्या प्रती लॅपटॉपवर आणि एका वेगळ्या डिस्कवर होत्या म्हणून बाबांचं काही गेलं नाही. आणि खरं सांगायचं तर त्या कॅसेटींच्या खरखरीत फ्लॅक आणि एमपी3 मधला फरक चालताना मला ऐकूही येत नाही. आता प्लेअरवर फक्त एमपी3 असतात.

आणखी एक सवय लावून घेतली. कॉपीची पट्टी पूर्ण भरलेली दिसली तरी लिनक्सनं काही भाग अजून स्मृतीतच धरलेला असू शकतो. टर्मिनलमध्ये "सिंक" लिहायचं, प्रॉम्प्ट, म्हणजे पुढची आज्ञा लिहायची खूण, परत येईपर्यंत थांबायचं, मग अनमाउंट करून प्लेअर काढायचा. घाईत केबल ओढली होती त्या दिवशी शेवटच्या बारा फाइली शून्य बाइटच्या झाल्या होत्या.

इअरफोन मी एकाच कानात घालते. पहाटे अंधारात मागून दुचाकी येते, कुत्री असतात, दुसरा कान मोकळा पाहिजे. त्यासाठी फाइली मोनो करून घेतल्या, नाहीतर मृदंग एका बाजूला आणि टाळ दुसऱ्या बाजूला राहायचे.

गेल्या महिन्यात गावी गेले तेव्हा प्लेअर बाबांच्या कानाला लावला. डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "हा ठेका माझा नाही, तुझ्या काकाचा आहे. त्या साली माझ्या बोटाला लागलं होतं." त्या फाइलीच्या नोंदीत मी वादक म्हणून बाबांचं नाव घातलं होतं. ते दुरुस्त केलं. आता दर रविवारी फोनवर एकेक कॅसेट त्यांना ऐकवते आणि कोण गातंय, कोण वाजवतंय ते विचारून टॅगमध्ये भरते. एकोणीस झाल्या, बावीस राहिल्यात.