कुकरची शिट्टी नसलेलं बेट

गुरुवार

अथेन्सजवळचं पिरेअस बंदर ते ग्रीसचं सिफ्नोस बेट, साध्या बोटीने पाच तासांच्या वर. वेगवान बोट जवळजवळ निम्म्या वेळात पोचवते, पण तिचं तिकीट बघून ताई म्हणाली, "कशाला? तिथे कोण आपली वाट बघत बसलंय?" कामारेस बंदरातून बस वळणं घेत वर चढली, आर्तेमोनासला उतरलो, तर चौकात खरोखरच एक आजी आमची वाट बघत उभी. काळा झगा, पायात सपाता, हातात किल्ली. आमच्या दोन बॅगांपैकी जड ती तिनेच उचलली. ताई ६१ वर्षांची, मी ५७ ची, आजी ऐंशीला टेकलेली. आम्ही "अहो नको, नको" करत तिच्यामागून जवळजवळ पळत निघालो.

खोली छान आहे. हातभर जाड भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यांवर बोरूच्या काड्या दाट रचलेल्या. खिडकी एवढीशी. बाहेरच्या फरसबंदीच्या फटी चुन्याने रंगवल्यात. ताईला आधी वाटलं, कुणाचा तरी डबा सांडला. न्हाणीघरात चित्राची पाटी: कागद संडासात टाकू नका, बादलीत टाका. इथल्या नळ्या बारीक असतात म्हणे. आम्ही आमचा तांब्या आणलाय, त्यामुळे तो प्रश्न आमचा नाही.

शुक्रवार

ग्रीकमध्ये 'हो'ला 'ने' म्हणतात. हे येण्याआधी वाचलं होतं, पण कानाला कोण समजावणार? सकाळी मी कॉफीच्या कपाकडे बोट दाखवून छान झालीय असं खुणेने सांगितलं. आजी खुशीत म्हणाली, "ने, ने!" मी निमूटपणे कप उचलून मोरीत नेऊन ठेवला. अर्धी कॉफी होती त्यात.

'नाही' म्हणायला मात्र तिला शब्दच लागत नाही. हनुवटी जरा वर, भुवया वर आणि जिभेने 'च्यक्'. आमचे अण्णा अगदी अस्सेच नाही म्हणायचे. बाकी सगळ्याला मोबाइलवरचं भाषांतर लागतं, याला नाही.

दुपारी चालत कास्त्रोला जाऊन आलो. समुद्रावरच्या कड्यावर वसलेलं जुनं गाव. घरं एकमेकांना खेटून, बाहेरच्या घरांच्या पाठभिंती हीच गावाची तटबंदी. गल्लीत रोमन काळातल्या दगडी शवपेट्या उघड्यावर पडल्यात, दाराशी जुना माठ पडून राहावा तशा. मागच्या आठवड्यात देल्फीला, अपोलो देवाच्या जुन्या तीर्थाच्या ठिकाणी, संग्रहालयात याच सिफ्नोसवाल्यांच्या खजिनाघराची शिल्पं पाहिली होती, इसवीसनापूर्वी सहाव्या शतकातली. तेव्हा इथे सोन्याचांदीच्या खाणी होत्या. बेटावरच्या लोकांत हेच सगळ्यात श्रीमंत आणि खाणींचं उत्पन्न दरवर्षी आपसात वाटून घ्यायचे, असं प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटस लिहितो. पुढे देवाला द्यायचा दहावा हिस्सा यांनी बंद केला आणि समुद्र खाणींत शिरला, ही गोष्ट जुना ग्रीक प्रवासवर्णनकार पाउसानियास याची. सोनं गेलं. माती राहिली, आणि तिच्यावर मात्र हे लोक आजतागायत जगतायत.

शनिवार

आजीने काल रात्रीच छोले भिजत घातले होते. आज सकाळी परात आमच्यापुढे ठेवली आणि एक दाणा चिमटीत धरून साल कसं सोडवायचं ते दाखवलं. पाहुण्या म्हणून आलेल्या आम्ही दोघी अंगणात बसून तासभर छोले सोलत होतो. पैसे देऊन. ताईला याचं फार हसू येत होतं.

हा 'रेविथादा', इथला रविवारचा पदार्थ. साहित्य ऐकून मी जराशी खट्टूच झाले: छोले, कांदा, ऑलिव्हचं तेल, तमालपत्र, मीठ, पाणी. संपलं. आलं नाही, लसूण नाही, जिऱ्याचा दाणा नाही. ताईने नुसते ओठ हलवून विचारलं, "पथ्याचं?" पण पाण्याबद्दल आजी भलतीच कडक. नळाचं चालत नाही, अंगणाखालच्या टाक्यातलं पावसाचंच हवं. हे मात्र आम्हाला लगेच पटलं. बोअरच्या पाण्यात तूरडाळ किती छळते, ते ठाण्याच्या सोसायटीत पंचवीस वर्षं काढलेल्या बाईला कुणी सांगायला नको.

भांडं मातीचं, पोट सुटलेलं, वर झाकण. नाव 'स्केपास्तारिया'. गावोगाव कुंभार आहेत, अजून चाक चालतं. घरांच्या धुराड्यांवरही कुंभारकामच. आजीच्या धुराड्यावर बूड गेलेलं एक जुनं मडकं उपडं घातलंय. चुलीवरची नोकरी संपली की बढती थेट छपरावर.

संध्याकाळी भट्टी पेटली. भट्टी आजीच्या अंगणात, पण शेजारच्या तिघीही आपापली भांडी घेऊन आल्या. चारही भांडी दिसायला सारखी. एकीच्या कानाला लाल दोरा, एकीच्या झाकणाचा टवका उडालेला, आजीच्या झाकणावर आडवी चीर. निखारे मागे सारले, भांडी आत सरकवली, तोंडाला पत्रा लावून कडेने ओला चिखल लिंपला. आजीने हात धुतले आणि आम्हाला म्हणाली, झोपा.

दिवाणखान्यातल्या कोनाड्यात एका संताची तसबीर आहे, पुढे तेलाचा दिवा. इथे ज्याच्याकडे जत्रेचं यजमानपद असतं, त्याच्या घरी ती तसबीर वर्षभर राहते, मग पुढच्याकडे जाते. यंदा पाळी आजीची. ताईने दिव्याला नमस्कार केला. आजीने तिच्याकडे बघितलं आणि वात थोडी पुढे सारली.

रात्रीचे दीड वाजलेत. वारा पडलाय. ताई जागी आहे हे मला श्वासावरून कळतं. काय गं, विचारलं तर म्हणाली, "एवढ्यात किती शिट्ट्या झाल्या असत्या गं?"

खरं सांगायचं तर मलाही तेच होतंय. चाळीस वर्षं तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बारीक, हे अंगात मुरलंय. भात दोन, डाळ तीन, छोले सहा. इथे काहीतरी शिजतंय आणि आवाजच नाही. उठून बघताही येत नाही, तोंड लिंपलेलं.

रविवार

घंटा झाल्या, सगळ्या चर्चला गेल्या. आम्ही अंगणात बसून पत्र्याकडे बघत होतो. परत आल्यावर आजीने खराट्याच्या दांड्याने सुकलेला चिखल फोडला. तिघींनी आपापली भांडी ओळखून नेली. कुणी झाकण उचलूनसुद्धा बघितलं नाही.

आजीचं भांडं टेबलावर आलं. कांदा दिसतच नव्हता, रसात विरघळला होता. रस दाट, गव्हाळ, वर तेलाचा तवंग. दाणा अख्खा, पण जिभेने टाळूवर दाबला की लोणी. लिंबू पिळायचं आणि पाव बुडवायचा. मी दोन घास खाल्ले आणि मसाल्याचं काही म्हणायचं होतं ते राहूनच गेलं. आपल्याकडे कांदा-लसणाशिवाय जेवण म्हणजे उपवासाच्या आसपासचं काहीतरी, हा माझा ग्रह. इथे कांदा आहे, पण एवढ्या तासांत त्याने स्वतःचं नावसुद्धा ठेवलं नाही.

आजीने मोबाइलवरून सांगितलं की चेलेमेंदेस मूळचा इथलाच. तो आचारी, त्याचं पाककृतींचं पुस्तक इतकं घरोघरी गेलं की ग्रीकमध्ये कुठल्याही पाककृतींच्या पुस्तकाला 'चेलेमेंदेस' म्हणायला लागले. रेविथादा त्यात बघून करतेस का, असं ताईने विचारलं. आजीची हनुवटी वर, भुवया वर.

ताईच्या दोन वाट्या झाल्या. आजी डाव घेऊन उभी. ताईने हातांनी वाटी झाकली, हनुवटी वर केली, भुवया वर केल्या आणि अण्णांसारखं स्वच्छ 'च्यक्' केलं.

आजीला ते कळलं, शंभर टक्के कळलं. तिने ताईचे हात बाजूला केले आणि डावभर वाढलं.