एंजल आयलंडच्या भिंती

आज वर्गातल्या मुलांना घेऊन सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एंजल आयलंडला गेले होते. १९१० ते १९४० या काळात अमेरिकेत येऊ पाहणाऱ्या चिनी माणसांना इथे आठवडेच्या आठवडे डांबून ठेवत. त्यांनी लाकडी भिंतींवर कोरलेल्या कविता अजून दिसतात. एरवी मोबाइलमधून मान वर न काढणारा एक मुलगा त्या अक्षरांसमोर कितीतरी वेळ उभा होता. हळूच म्हणाला, "माझे पणजोबा इथूनच आले."

मग मी भारतातून आलेल्या वैष्णोदास बगाईंबद्दल सांगितलं. १९१५ साली बायकोमुलांसह ते याच बेटावर उतरले, पुढे अमेरिकेचे नागरिक झाले. १९२३च्या थिंद निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीय 'गोरे' नाहीत, म्हणून नागरिक होऊ शकत नाहीत, असं ठरवलं; त्यानंतर त्यांचं नागरिकत्व काढून घेतलं गेलं. १९२८मध्ये त्यांनी जीव दिला. परतताना बोटीत कुणीच बोलत नव्हतं.

देशांनुसार ठरलेला जुना कोटा रद्द करणाऱ्या १९६५च्या स्थलांतर कायद्यामुळे माझे काका अमेरिकेत येऊ शकले. आमच्या घरात हा विषय कधी निघालाच नव्हता. रात्री त्यांना फोन केला, तासभर बोललो.