‘आणलाच कशाला?’

बँकेच्या काउंटरवर २८ वर्षं काढून निवृत्त झाले आणि पुण्याबाहेरच्या एका प्राण्यांच्या शेल्टरमध्ये दर रविवारी जायला लागले. वाटलं होतं, पिल्लांना दूध पाजायला मिळेल. मिळालं टेबल. घरचं जनावर सोडायला येणाऱ्यांचे फॉर्म भरायचे.

पहिले तीन महिने मी त्या टेबलावरून लोकांना नुसतं झोडपलं. “परवडत नव्हता तर आणलाच कशाला?” हे माझं ठरलेलं वाक्य. समोरचा मान खाली घालायचा आणि मला आतून बरं वाटायचं, हेही कबूल करते.

मग एक रिक्षावाले आले, पाच वर्षांचा लॅब्रेडोर घेऊन. मी आधी माझं वाक्य ऐकवलं, मग फॉर्म काढला. चावतो का? “नाही मॅडम, अगदी गरीब आहे.” रेबीजची लस? “दिलीय, कार्ड हरवलं.” तिसऱ्या दिवशी तो साफसफाईला नवीनच लागलेल्या पोराला चावला. पोराच्या सरकारी दवाखान्यात सुयांसाठी खेपा, कुत्रा दहा दिवस वेगळा नजरेखाली.

मी तणतणत फोन लावला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “तुम्ही आधीच एवढं बोललात. खरं सांगितलं असतं तर घेतला असता का?” घरी त्यांच्या मुलीला चावला होता. उसने पैसे काढून दोनदा डॉक्टरकडे नेला, तिसऱ्यांदा नेण्याइतके उरले नव्हते. लसही राहिली होती.

आमच्या डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी एवढंच विचारलं, “काकू, दोनदा डॉक्टरकडे कशासाठी नेला होता, ते विचारलंत?” नव्हतं विचारलं. कान आतून पुवाने भरलेला होता. कुणी डोक्यावरून हात फिरवायला गेलं की तो चावायचा. कुत्रा दहा दिवसांनी ठणठणीत होता, पण मुलीची आई त्याला परत घ्यायला तयार झाली नाही. तिला तरी काय बोलणार.

त्यानंतर मी खुर्ची टेबलाच्या बाजूला ओढली. आधी पाणी द्यायचं. मग कुत्र्याचं नाव, तो काय खातो, झोपतो कुठे. फॉर्म सगळ्यात शेवटी. माणूस बोलता झाला की हळूच विचारायचं, “काय झालं तर तो तुमच्याकडेच राहू शकेल?”

याची उत्तरं कधी कधी इतकी साधी निघतात की रडू येतं. सोसायटीने नोटीस दिलीय. त्यांना मी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांची प्रत देते. बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, हे त्यात स्पष्ट आहे. उपचार परवडत नसतील तर औंधचं सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे. तिथे फक्त गाई-म्हशीच नेतात असा पुष्कळांचा समज असतो. कुणाला स्वतःच्या ऑपरेशनपुरता महिनाभर कुत्रा सांभाळणारं घर हवं असतं, बस.

सगळ्यांना हे लागू होत नाही. अर्धांगवायू झालेल्या आजींचं मांजर आम्ही ठेवून घेतलं, एक शब्द न बोलता. जागा नसते तेव्हा नाही म्हणावं लागतं, तेही तोंडावर आणि पुढचा पत्ता देऊन. आणि फ्लॅटमध्ये हौसेने हस्की आणून दीड वर्षात “केस फार गळतात” म्हणणाऱ्यापुढे मी अजून दात आवळूनच बसते. माया मला तिथे काही सुचत नाही. पण बोलत नाही, कारण बोलले तर तो हस्कीला घाटात सोडून येईल. कायद्याचा धाक म्हणाल तर प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धच्या १९६०च्या कायद्यात जनावर असं उपाशी मरायला सोडलं तर पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड आहे. वडापावचे पैसे.

मागच्या रविवारी सकाळी गेटला ओढणीने बांधलेली एक पॉमेरेनियन सापडली. शेजारी पाण्याची वाटी. गळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत लसीचं कार्ड, सगळ्या लसी तारखेवर दिलेल्या. नाव सोनी. मालकाच्या नावाच्या जागी पेनाने इतकं गिरगटलेलं की कागद फाटला होता.