चार वर्षांनी वाचता आलेला स्टिकर

बेळगावच्या उद्यमबागेत आमच्या शॉपमधल्या जुन्या जपानी लेथवर एक पिवळा स्टिकर आहे, दोन कांजी अक्षरांचा, म्हणजे जपानीत वापरतात त्या चिनी चित्राक्षरांचा. चार वर्षं रोज बघतोय. आज वाचता आला: 'चूई'. म्हणजे सावधान! एवढी वर्षं बेसावधच होतो म्हणायचं.

जपानी शिकायला म्हणून दिवाळीत एका ऑनलाइन क्लासला दीड हजार भरले होते. तिथं सगळं इंग्रजी लिपीतून, अक्षरओळखीचा पत्ताच नाही. पैसे पाण्यात. शेवटी फुकटातलंच कामाला आलं. जपानी प्रसारण संस्था एनएचके वर्ल्डचे सोपे जपानी धडे हिंदीतूनही आहेत. जपान फाउंडेशनची 'इरोदोरी' ही पाठ्यपुस्तकमाला ऑडिओसकट मोफत उतरवून घेता येते.

जपानीच्या दोन अक्षरमाला: हिरागाना ४६ अक्षरं, काताकाना ४६. त्यासाठी मात्र मोबाइल बाजूला ठेवून खडेबाजारातून चौकटीची वही आणली, पहिलीतल्या पोरासारखी. काताकानातल्या 'शि' आणि 'त्सु'नं जाम छळलं. दोन्हीत दोन बारक्या रेघा, एक लांब. 'शि'ची लांब रेघ खालून वर जाते, 'त्सु'ची वरून खाली येते. पानभर गिरवल्यावर कुठं हात बसला.

व्याकरणाचा त्रास कमी. क्रियापद शेवटी, मराठीत तसंच, कन्नडातही तसंच. 'होन ओ योमिमासु', पुस्तक वाचतो. वाक्याच्या शेवटी 'ने' लावतात, आपल्या 'नाही का' सारखं. आईला सांगितलं तर म्हणाली, "मग बेळगावचाच की रे तो!"

डिसेंबरची एन५, म्हणजे जपानी भाषेची सगळ्यात सोपी पातळीची परीक्षा द्यायचीय, पुण्याच्या केंद्रावर. खानापूर-निपाणीकडचं कुणी तयारी करत असेल तर सांगा, गाडी एकत्रच पकडू.