लेकीचा पहिला कॅमेरा: शटर, सेल आणि 'टीट-टीट'

कॅमेरा निवडताना मेगापिक्सेल बघणं मी सोडून दिलंय. लेक सात वर्षांची आहे. कुठलाही कॅमेरा आधी तिच्याच हातात देतो आणि तिची तर्जनी शटरच्या बटणावर पोचते का ते बघतो. तर्जनी पोचत नसली की मूल अंगठ्याने दाबतं, कॅमेरा पुढे झुकतो आणि निम्म्या फोटोत जमीन येते. माझ्या डीएसएलआरवर, म्हणजे लेन्स बदलता येणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्यावर, नेमकं हेच झालं. लेन्ससकट त्याचं वजन किलोच्या आसपास, त्यामुळे तो विषय तिथेच मिटला.

भेट म्हणून आलेला एक खेळण्यातला कॅमेरा घरात होताच. खोक्यावर ठळक अक्षरांत ४० मेगापिक्सेल. आत सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी चिप, बारका, त्याचं चित्र सॉफ्टवेअरने फुगवून तो आकडा गाठलेला. मोठं करून बघितलं तर केसांच्या जागी नुसते फराटे. पण दर्जाबद्दल माझी फार तक्रार नाही, लेकीला तर मुळीच नाही. अडचण होती फोकसची. या कॅमेऱ्यात लेन्स एकाच अंतरावर पक्की केलेली, मीटरभराच्या पुढचं बरं येतं, अलीकडचं सगळं धूसर. आणि मुलं तर प्रत्येक गोष्टीच्या नाकाला नाक लावूनच फोटो काढतात. मुंगी धूसर, बाहुलीचा डोळा धूसर, स्वतःचा गुडघासुद्धा धूसर. त्यात वर खेळ भरलेले, त्यामुळे फोटो मागे पडले आणि खेळच चालू राहिले. रबरी कव्हर मात्र झकास, कितीही आपटा. तीन-चार वर्षांच्या मुलाला मी अजूनही हाच देईन.

कागदावर फोटो छापून देणारे खेळण्यातले कॅमेरेही बघून झाले. त्यातला कागद थर्मल असतो, पावतीसारखा, आणि छापलेलं चित्र काळाबरोबर फिकं पडतं. फोटो काढताच तो कागदावर बाहेर देणारा इन्स्टॅक्स मिनी कॅमेरा त्यापेक्षा कितीतरी सरस. ६२ बाय ४६ मिलिमीटरचं खरंखुरं चित्र डोळ्यांदेखत उमटतं. पण एका पॅकमध्ये फक्त १० फोटो. मोजून मिळालेली वस्तू मूल एक तर पाच मिनिटांत संपवतं नाही तर जपून ठेवतं, आणि सुरुवातीला मला या दोन्ही गोष्टी नको होत्या. तिने वाट्टेल ते, वाट्टेल तितकं काढावं. इन्स्टॅक्स दुसरा कॅमेरा म्हणून डोक्यात आहे.

वॉटरप्रूफ गटात मन बराच काळ अडकलं होतं. निकॉनचा कूलपिक्स डब्ल्यू१५० लहानांना डोळ्यासमोर ठेवूनच बनवलेला, १० मीटर पाण्यात चालतो आणि १.८ मीटरवरून पडलेलं सोसतो. ऑलिंपस टीजी-६ त्याहून दणकट, शिवाय लेन्सपासून एक सेंटीमीटरवरची मुंगीही टिपतो. पण पाणी अडवायचं काम बॅटरीच्या झाकणाचं रबर करतं. त्यात एक केस किंवा वाळूचा कण अडकला की संपलं. दर वेळी झाकण पुसून, तपासून बंद करण्याची शिस्त अजून लेकीत नाही. (माझ्यात आहे का, हा प्रश्न कृपया विचारू नये.) दुसरं म्हणजे या दोन्हींना डोळा लावून बघायचा व्ह्यूफाइंडर नाही, आणि मला तो हवा होता. हात लांब करून स्क्रीनकडे बघताना कॅमेरा हलतो. डोळ्याला लावला की कोपरं आपोआप बरगड्यांना टेकतात आणि हात स्थिर होतो.

शेवटी घेतला तो वापरलेला कॅनन पॉवरशॉट ए५९० आयएस. २००८चा, ८ मेगापिक्सेल, ४ पट झूम, छोटा ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर आणि साधे दोन एए सेल. ३२६४ बाय २४४८ पिक्सेल म्हणजे ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) जवळजवळ ११ बाय ८ इंचांचा प्रिंट निघतो. यापेक्षा मोठं ती काय छापणार आहे?

असला जुना छोटा (कॉम्पॅक्ट) कॅमेरा घेणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर लिहितो. चालू-बंद करताना लेन्स आत-बाहेर जाते, तेव्हा कान देऊन ऐका. करकर ऐकू आली तर आत वाळू आहे, परत ठेवा. सेलच्या खणातल्या पट्ट्यांवर पांढरट-हिरवट थर नको. झाकणाची खिटी नीट बसते का ते जरूर बघा, कारण असल्या कॅमेऱ्यांत तीच आधी तुटते. पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढून सेन्सरवर धूळ आहे का ते पाहा. कार्डाचंही बघून घ्या. एसडीएचसी, म्हणजे २ जीबीहून मोठ्या कार्डांचा प्रकार, २००६मध्ये आला, त्याआधीचे कॅमेरे सहसा २ जीबीपर्यंतचं साधं एसडी कार्डच घेतात. आणि बिघडला म्हणून घरी उघडायला जाऊ नका, मुलांसमोर तर नाहीच. फ्लॅशसाठी वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि सेल काढल्यावरही तो बराच वेळ टिकू शकतो.

सेल रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइडचेच घ्या. कॅमेरा एकदम जास्त करंट ओढतो, त्यात साधे अल्कलाइन लवकर मान टाकतात. दोन जोड्या आहेत, एक कॅमेऱ्यात, एक चार्जरवर. सेल बदलणं पूर्णपणे तिच्याकडे दिलंय. अधिक-उणेची खूण ओळखून बरोबर घालते आणि या कामाचा तिला फोटोंपेक्षा जास्त अभिमान आहे. गळ्यातला पट्टा नको म्हटलं, खेळताना कुठे अडकला तर पंचाईत. मनगटाची दोरी पुरते.

सेटिंग मी लावून दिली. डिजिटल झूम बंद, फ्लॅश बंद, चेहरा शोधणारा फोकस बंद करून फक्त मधली चौकट. तिचे विषय म्हणजे चपला, दाराच्या कड्या आणि मांजराचं शेपूट, तिथे चेहरा शोधून कॅमेरा काय करणार? घरातल्या उजेडात शटर फारच मंद व्हायला, म्हणजे जास्त वेळ उघडं राहायला लागलं म्हणून आयएसओ (उजेडाला किती संवेदनशील, तो आकडा) ४००वर ठेवला. फोटोत दाणे दिसतात, दिसू देत.

आता मुख्य प्रगती. सुरुवातीला तिची तक्रार एकच होती: "बाबा, हा आधी विचार करतो आणि मग फोटो काढतो." निरीक्षण अचूक. दाबल्यापासून फोटो निघेपर्यंत जो वेळ जातो, त्यातला बराचसा फोकस लावण्यात जातो. शटर आधी अर्धंच दाबून ठेवलं की ते काम उरकतं, उरलेलं दाबल्यावर फोटो जवळजवळ लगेच निघतो. पण "अर्धं दाब" म्हणजे किती, हे तिला शब्दांत सांगता येईना. मग माझ्या बोटावर तिचं बोट ठेवायला लावलं आणि मी दाबलं. फोकस लागला की हा कॅमेरा दोनदा टीट-टीट करतो. नियम ठरला, टीट-टीट ऐकू येईपर्यंत बोट हलकं, मग उरलेलं दाबायचं. सुरुवातीला बोट अर्ध्यावर थांबायचंच नाही. आता मांजर यायच्या आधीच उंबऱ्यावर फोकस लावून, श्वास रोखून बसते. मांजर येतं, फोटो निघतो, आणि बऱ्याचदा मांजराला डोकंही असतं.

बोट मध्ये येण्याचा उपद्रव बरेच दिवस चालला. डाव्या मुठीने कॅमेरा पकडला की तर्जनी लेन्ससमोर, फोटोच्या कोपऱ्यात गुलाबी ढग. सांगून उपयोग होईना, तेव्हा कॅमेऱ्याच्या बुडाला डावीकडे खरखरीत टेपचा एक तुकडा चिकटवला. बोट तिथे टेकलं की ते खरखरीत लागतं, बघावं लागत नाही. ढग जवळजवळ गेले. एक डोळा मिटणं अजून जमत नाही, तेव्हा डाव्या हाताने डोळा झाकते, मग कॅमेरा एका हातात राहतो आणि हलतो. यावर उपाय सापडलेला नाही, दोन्ही डोळे उघडे ठेवून बघायचा सराव चालू आहे. व्ह्यूफाइंडरमधून कडेचा बराच भाग दिसतही नाही, पण त्याने काही बिघडत नाही. न पाहिलेल्या गोष्टी फोटोत आलेल्या पाहून तिला भारी मजा वाटते.

मध्ये एकदा "कॅमेरा बिघडला" म्हणून रडारड झाली. कार्ड काढून घालताना त्याच्या कडेची बारीक खिटी लॉककडे सरकली होती, बाकी काही नाही.

सध्या काम प्रिंटांचं. कॅमेऱ्याचा फोटो ४:३, प्रिंटचा कागद ६ बाय ४ म्हणजे ३:२. पूर्ण कागद भरायचा तर उंचीचा नववा भाग कापला जातो आणि लेक तर डोकी फ्रेमच्या अगदी वरच्या कडेला लावते. पहिल्या गठ्ठ्यात आजोबांचं टक्कल गेलं, त्यावर घरात बरीच चर्चा झाली. पुढचा गठ्ठा पांढरी किनार ठेवून छापायचा आहे. कुठले फोटो छापायचे ते तीच निवडते. यादीत आतापर्यंत दाराच्या कड्या सर्वांत पुढे आहेत.