फोरॅमची वही: पुन्हा धुणं, आणि व्हिनेगरची थाळी

फोरॅम म्हणजे समुद्रातले सूक्ष्म एकपेशीय जीव; त्यांची चुन्याची कवचं मी समुद्रतळाच्या गाळातून वेचतो. मागच्या खेपेला वाळत घातलेला गाळ वाया गेला. शेवटचा हात नळाच्या पाण्याचा दिला होता, त्यामुळे कवचांवर क्षारांचे खडे बसले. या वेळी डिस्टिल्ड वापरलं, पण झटपट. हे पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं, आणि पातळ कवचं त्यात रेंगाळली तर झिजतात.

63 मायक्रॉनच्या चाळणीवर उरलेलं काळ्या कागदावर पसरलं. बहुतेक ग्लोबिजेरिना: फुगीर कप्पे एकाला एक चिकटलेले. मधूनच एखादी ऑर्ब्युलिना, नुसता गोल मोती. 000 नंबरच्या ओल्या ब्रशने 62 उचलल्या. सगळ्यात देखणी होती तीच चिरडली, अर्थात.

चाळणीखालचं दुधाळ पाणी ओतू नका. त्यात कोकोलिथ असतात, एकपेशीय शेवाळाच्या अंगावरच्या, जेमतेम काही मायक्रॉनच्या चुन्याच्या चकत्या. सुटी चकती चार किलोमीटर खाली जायला वर्षानुवर्षं लागतील, तोवर प्रवाह तिला कुठल्या कुठे नेतील. पण कोपेपॉड (कोळंबीच्या गोतातले चिमुकले जीव) त्या खातात आणि लेंडीत घट्ट बांधून टाकतात, नि ती लेंडी काही आठवड्यांत तळ गाठते. तळाचा गाळ वरच्या पाण्याशी इतका जुळतो, त्यात या लेंड्यांचा मोठा वाटा. मला तरी हा भाग कवचांपेक्षा जास्त आवडतो.

मग चिमूटभर गाळावर व्हिनेगर. बुडबुडे आले, थोड्या वेळात मोती गायब. राहिल्या रेडिओलेरिया नावाच्या एकपेशीय जीवांच्या जाळ्या (म्हणजे त्यांचे सांगाडे), डायटम या सूक्ष्म शेवाळाचे तुकडे आणि स्पंजांच्या सुया, सगळं सिलिकाचं. समुद्रात व्हिनेगर नसतं. तिथे थंडी, दाब आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड मिळून हेच काम सावकाश करतात. प्रशांतात साधारण 4,200 ते 4,500 मीटरखाली, अटलांटिकात 5,000 च्या आसपास, चुन्याची कवचं टिकतच नाहीत. चॅलेंजर या ब्रिटिश जहाजाच्या समुद्रसंशोधन मोहिमेत (1872 ते 1876) निसर्गशास्त्रज्ञ जॉन मरेंनी नेमकं हेच टिपलं: वरच्या पाण्यात ओढलेल्या जाळ्यात ग्लोबिजेरिना भरपूर, पण फार खोल तळावर नुसती लाल माती. ही माती हजार वर्षांत मिलिमीटरभर साचते. चुन्याचा गाळ तेवढ्यात एखाद-दोन सेंटिमीटर.

उरलेल्या जाळ्या ग्लिसरीनमध्ये ठेवल्या, तर दिसेनाशाच झाल्या! ग्लिसरीनचा अपवर्तनांक (प्रकाश वाकवण्याचं माप) त्यांच्या सिलिकाच्या फारच जवळ. आता कॅनडा बाल्सममध्ये बसवतो; या पारदर्शक राळेचा अपवर्तनांक सिलिकापेक्षा बराच वेगळा.